भिंतीवरची गोधडी आणि उशीचे अभ्रे

न्यू यॉर्क येथील व्हिटनी कलासंग्रहालयात १९७१ साली एक प्रदर्शन भरले होते. जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ या दोघा संग्राहकांनी जमवलेल्या जुन्या अमेरिकन गोधड्या तेथे मांडल्या होत्या. त्या अंथरल्या नव्हत्या की घड्या घालून ठेवल्या नव्हत्या. आधुनिक चित्रकाराची चित्रे लावावीत तशा पांढऱ्या भिंतींवर टांगल्या होत्या. पाहणारे चकित झाले. विसाव्या शतकातील अमूर्त चित्रकारांनी रेषा आणि रंग यांचे जे खेळ मोठ्या तात्त्विक तयारीनिशी मांडले, तसलेच खेळ साध्यासुध्या घरांतील बायकांनी कितीतरी आधी, कोणत्याही तत्त्वज्ञानाचा टेकू न घेता, पांघरुणावर मांडून ठेवले होते. गोधडीला कलाकृतीचा दर्जा मिळाला तो या प्रदर्शनाने, असे मानण्याचा प्रघात आहे आणि तो बराचसा बरोबरही आहे. तथापि या सन्मानात एक उणीव होती व ती त्या काळी फारशी कोणाला खटकली नाही. त्यांतील बहुतेक गोधड्या कोणी शिवल्या हे ठाऊक नव्हते. प्रदेश आणि अंदाजे काळ एवढाच त्यांचा परिचय होता.

त्यानंतर ३१ वर्षांनी, नोव्हेंबर २००२ मध्ये, त्याच संग्रहालयाच्या भिंतींवर पुन्हा गोधड्या लागल्या. या वेळी त्या एकाच गावच्या होत्या. अलाबामा राज्याच्या विल्कॉक्स परगण्यातील जीज बेंड या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतील बायकांनी त्या शिवल्या होत्या आणि प्रत्येक गोधडीपाशी शिवणारीचे नाव होते. ह्यूस्टन येथून निघालेले हे प्रदर्शन पुढे अमेरिकेतील अनेक शहरांत फिरले. २००६ साली तेथील टपाल खात्याने यांतील १० गोधड्यांची चित्रे असलेली तिकिटे काढली. खेड्यातील गरीब बायकांची कला जगाने ओळखली, ही कथा तेव्हापासून इतक्या वेळा सांगितली गेली आहे की ती आता एखाद्या व्रतकथेसारखी ठरीव झाली आहे. आधी दारिद्र्य, मग तपश्चर्या, मग एका परक्या पाहुण्याचे आगमन, आणि शेवटी फळ.

व्रतकथेत मधली काही वर्षे नेहमीच गाळलेली असतात. जीज बेंडच्या कथेत गाळली जातात ती १९६६ नंतरची वर्षे. त्या काळात याच बायका आणि त्यांच्या शेजारणी एका सहकारी संस्थेत बसून उशांचे अभ्रे शिवत होत्या. हे अभ्रे कोणत्याही संग्रहालयाच्या भिंतीवर लागलेले नाहीत, आणि लागावेत असे त्यांत काही नव्हतेही. परंतु गोधडीचे मोल कशात मोजायचे, हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी भिंतीआधी या अभ्र्यांकडे पाहिले पाहिजे.

नदीच्या वळणातले गाव

अलाबामा नदी या ठिकाणी एक मोठे वळण घेते आणि तीन बाजूंनी पाण्याने वेढलेला जमिनीचा एक तुकडा जगापासून बाजूला पडतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जोसेफ गी नावाच्या मळेवाल्याने तेथे कापसाची लागवड सुरू केली, म्हणून ते गीचे वळण, जीज बेंड. पुढे मार्क पेटवे याने तो मळा घेतला आणि १८४६ साली उत्तर कॅरोलिनातून आपले सुमारे १०० गुलाम पायी चालवत तेथे आणले. गुलामगिरी कायद्याने संपली. माणसे मात्र तेथेच कुळे म्हणून राहिली आणि मालकाचे आडनावही त्यांच्या अंगाला चिकटून राहिले. गोधडीकारांच्या यादीत पेटवे हे नाव पुनःपुन्हा येते, त्याचे कारण हे आहे. एकीचे दुसरीशी नाते असेलच असे नाही; सर्वांच्या पूर्वजांचा धनी एक होता, इतकेच.

१९३२ साली या गावावर जे कोसळले ते मराठी वाचकाला परके वाटू नये. कापसाचे भाव पार उतरले होते. कुळांना उधारीवर माल देणारा परगण्याच्या ठाण्याचा, म्हणजे कॅम्डनचा व्यापारी मरण पावला, आणि त्याच्या विधवेच्या वतीने वसुलीसाठी आलेल्या माणसांनी ६० हून अधिक कुटुंबांची गुरे, अवजारे, गाड्या, साठवलेले धान्य, जे हाती लागेल ते उचलून नेले. त्या हिवाळ्यात गाव जगले ते रेड क्रॉसच्या मदतीवर. पुढे रूझवेल्ट यांच्या राजवटीत केंद्र सरकारने ती जमीन विकत घेतली, घरे बांधली आणि सोप्या कर्जावर ती त्याच कुटुंबांना दिली. सरकारी छायाचित्रकार आर्थर रॉथस्टीन यांनी १९३७ साली या गावाची छायाचित्रे काढली. वारा आत येऊ नये म्हणून घराच्या आतल्या भिंतींना चिकटवलेली वर्तमानपत्रे त्यांत दिसतात.

अशा घरांत गोधडी ही शोभेची वस्तू असणे शक्य नव्हते. थंडीच्या रात्री एकावर एक अशा कित्येक गोधड्या लागत. कापड म्हणजे शेतात घालून घालून विरलेल्या विजारी आणि सदरे, पिठाच्या गोण्या, पोरांचे आखूड झालेले कपडे. आत भरायला सरकी काढण्याच्या कारखान्याच्या जमिनीवरून झाडून आणलेला कापूस. विजारीचा गुडघा फिका पडलेला असे. खिसा उसवून काढला की त्याखालचे कापड मूळच्या गडद निळ्या रंगाचे निघे. हे फिके आणि गडद चौकोन गोधडीत जसेच्या तसे येत. नंतरच्या काळात जाणकारांनी ज्या रंगसंगतीचे कौतुक केले तिचा अर्धा भाग उन्हाने आणि घामाने केलेला होता.

यांतली एक गोधडी विशेष प्रसिद्ध आहे. मिसूरी पेटवे या बाईने १९४२ साली, पती वारल्यानंतर, त्याच्या कामाच्या कपड्यांची ती शिवली. ते कपडे टाकून द्यायचे नाहीत, त्यांचे पांघरूण करून त्याच्या आठवणीत त्याखाली निजायचे, असे आईने ठरवल्याचे तिच्या मुलीने पुढे सांगितले. मदतीला तीच मुलगी होती. आजीच्या लुगड्याच्या वाकळीत निजलेल्या कोणालाही या गोधडीचे समीक्षण वाचण्याची गरज पडणार नाही.

दोरीवर वाळत घातलेल्या तीन गोधड्या

१९६५ च्या आरंभी विल्कॉक्स परगण्यात कृष्णवर्णीयांची बहुसंख्या होती आणि मतदारयादीत त्यांच्यापैकी एकाचेही नाव नव्हते. मार्टिन ल्यूथर किंग त्या वर्षी फेब्रुवारीत जीज बेंडला येऊन गेले. मतदार म्हणून नाव नोंदवायला कॅम्डनला जायचे तर पूर्वी नदी ओलांडणारी तर होती. १९६२ मध्येच ती बंद पडली होती. समोर दिसणाऱ्या गावाला जायला तासाभराहून अधिक वळसा पडू लागला. ही तर पुन्हा सुरू झाली ती थेट २००६ साली. म्हणजे ज्या वर्षी गावच्या गोधड्या टपालाच्या तिकिटांवर चढून देशभर फिरू लागल्या, त्या वर्षी गावकऱ्यांना नदीपलीकडे जायची सोय झाली.

परगण्यातील जे कृष्णवर्णीय नाव नोंदवायला गेले किंवा मोर्चात चालले, त्यांतील अनेकांना जमीनमालकांनी घराबाहेर काढले. अशा माणसांच्या जबान्या गोळा करत फ्रान्सिस वॉल्टर हे गोरे धर्मोपदेशक १९६५ च्या डिसेंबरात त्या भागात हिंडत होते. रस्ता चुकून जात असताना एका घराबाहेर दोरीवर वाळत घातलेल्या तीन गोधड्या त्यांना दिसल्या. त्यांची आकृती इतकी ठसठशीत होती की ते गाडी थांबवून विचारायला निघाले. घरातली बाई मात्र, अनोळखी गोरा माणूस दाराशी येतो आहे हे पाहून, मागच्या रानात पळून गेली. संग्रहालयांच्या माहितीपत्रकांत त्या आकृतीचे वर्णन तपशिलाने येते. त्या पळण्याचे वर्णन मात्र क्वचितच आढळते. वास्तविक त्या परगण्याचा सारा इतिहास त्या एका कृतीत होता.

वॉल्टर यांनी थोडासा निधी मिळवून दर गोधडीला १० डॉलर या भावाने गोधड्या घेतल्या आणि न्यू यॉर्कला त्यांचा लिलाव करवला. २६ मार्च १९६६ रोजी बायकांनी एकत्र येऊन ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था स्थापन केली. ‘बी’ म्हणजे मराठी शेतकरी ज्याला सावड किंवा इर्जिक म्हणतो तसा प्रकार. आज तुझ्या घरची गोधडी चारजणींनी मिळून टाचायची, उद्या माझ्या घरची. गोधडीचा वरचा पदर, म्हणजे तुकडे जोडून केलेली आकृती, जीज बेंडमध्ये जी ती बाई एकटी करते. तीत दुसरीचा हात चालत नाही. मग तो पदर, मधला कापूस आणि खालचे कापड चौकटीवर ताणून त्यांतून टाके घालण्याचे काम चौघी मिळून करतात. आकृती एकीची आणि टाके अनेकींचे, ही कामाची वाटणी जुनी आहे. संस्थेने या सावडीला विक्रीची जोड दिली.

संस्थेचा कारभार दीर्घकाळ एस्टेल विदरस्पून या बाईंनी पाहिला. विक्रीतून जे पैसे उभे राहिले त्यांचे काय केले, हे पाहण्यासारखे आहे. संस्थेने २३ एकर जमीन घेतली. तिच्यातले काही तुकडे, मतदानाच्या हक्कासाठी घर गमावलेल्या आठ कुटुंबांना विकले. १९६९ मध्ये त्याच जमिनीवर शिवणकेंद्राची इमारत उभी राहिली आणि तिला किंग यांचे नाव देण्यात आले. कामावर येणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी पाळणाघर निघाले. ज्या परगण्यात गोऱ्या मालकाने डोळे वटारले की कुटुंब रस्त्यावर येत असे, तेथे ज्याला कोणी काढू शकणार नाही असे छप्पर गोधड्यांनी मिळवून दिले. कलेने समाज बदलतो की नाही यावर अनेक परिसंवाद झाले आहेत. येथे २३ एकरांचे खरेदीखत आहे.

सारखेपणाची सक्ती

याची किंमतही होती, आणि ती न सांगणे अप्रामाणिक ठरेल. न्यू यॉर्कच्या सजावटकारांत आणि फॅशनच्या मासिकांत त्या सुमारास ठिगळकामाची हवा निर्माण झाली होती. ब्लूमिंगडेल्ससारख्या मोठ्या दुकानांच्या मागण्या आल्या. दुकानाला एकसारखा माल लागतो. नमुना पाहून ज्या गिऱ्हाइकाने पैसे मोजले त्याला नमुन्याबरहुकूम वस्तू मिळाली पाहिजे. माप इंचाइंचाने जुळले पाहिजे. रंग ठरलेले आणि टाके बारीक व एका अंतराचे हवेत. ‘अस्वलाचा पंजा’, ‘आजीचे स्वप्न’ अशा ठरावीक नमुन्यांच्या गोधड्या संस्थेत तयार होऊ लागल्या. ज्या बायकांनी आयुष्यात दोन गोधड्या सारख्या शिवल्या नव्हत्या, पट्टीने कापड मोजले नव्हते, कापडाच्या मनाप्रमाणे ज्यांची आकृती वाकत असे, त्यांना एकच गोधडी दहा वेळा शिवावी लागली. काहींना ते जमले नाही, काहींना ते रुचले नाही. गावात अनेकजणी संस्थेबाहेरच राहिल्या. नंतरच्या कलासमीक्षकांनी या काळाबद्दल हळहळ व्यक्त केली आहे. बाजाराने प्रतिभेला जुंपले, असा तिचा सूर आहे.

त्यापुढची पायरी तर अधिकच रुक्ष होती. १९७२ साली सीअर्स या प्रचंड विक्रीसंस्थेने फ्रीडम क्विल्टिंग बीला उशांच्या अभ्र्यांचे काम दिले. कापड कॉर्डुरॉयचे, म्हणजे मखमलीसारखे उभे उंच पट्टे असलेले, जाड आणि टिकाऊ. रंग कंपनीने ठरवलेले: सोनेरी, हिरवट, लाल, तपकिरी. कापायचे, शिवायचे, मोजून खोक्यात भरायचे. यात गोधडी नव्हतीच. शिवणयंत्रावरचे ते सरळ कारखान्याचे काम होते. पण ते वर्षभर चालणारे काम होते. कापसाच्या शेतातली मजुरी हंगामी, आणि यंत्रे आल्यावर तीही आटत गेलेली. शहरातल्या सजावटकारांची हौस तर एका वर्षात बदलते. ज्या घरात पहिली तारीख ठाऊक नव्हती तेथे ठरावीक दिवशी वेतन येऊ लागले. महिन्याच्या पगारावर घर चालवणाऱ्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आणि येथे समीक्षकांच्या हळहळीला एक अनपेक्षित उत्तर मिळते. अभ्रे कापताना कॉर्डुरॉयच्या पट्ट्या आणि कोपरे उरत. बायका ते पिशव्या भरभरून घरी नेऊ लागल्या, शेजारणींना वाटू लागल्या. जीज बेंडमध्ये इतके एकजातीचे, इतके गडद, नवे कापड यापूर्वी कधी आले नव्हते. जाड असल्याने त्याचे बारीक तुकडे करून शिवता येत नाहीत. मोठे पट्टे, मोठे चौकोन यांखेरीज त्याचे काही होत नाही. तेव्हा दिवसा संस्थेत अभ्रे आणि रात्री घरी त्याच कापडाच्या उरल्यासुरल्या तुकड्यांच्या, कोणाच्याही मापात न बसणाऱ्या गोधड्या, असा क्रम सुरू झाला. १९७० नंतरच्या या कॉर्डुरॉयच्या गोधड्या आज संग्रहालयांत आहेत, आणि जीज बेंडच्या उत्तम कामांत त्यांची गणना होते. प्रतिभा बाजाराला जुंपली गेली होती हे खरे. पण तिने त्याच बाजाराच्या कातरणावर आपला संसार मांडला, हेही तितकेच खरे. अभ्रे नसते तर त्या गोधड्या झाल्या नसत्या. कला आणि मजुरी यांच्यात वैर आहे असे गृहीत धरून चालणाऱ्यांना हा हिशेब अवघड जातो.

फ्रीडम क्विल्टिंग बी २०१२ साली बंद झाली. सभासद म्हाताऱ्या झाल्या होत्या, मागण्या आटल्या होत्या. त्या वर्षी जीज बेंडची गोधडी जगप्रसिद्ध होती.

नावाचा प्रश्न

ही प्रसिद्धी आणली ती विल्यम आर्नेट या अटलांटाच्या संग्राहकाने. एका पुस्तकातील छायाचित्रात लाकडांच्या ढिगावर टाकलेली गोधडी पाहून तो ती शिवणाऱ्या ॲनी मे यंग या बाईंना शोधत जीज बेंडला आला. डास पळवण्यासाठी जुन्या गोधड्या जाळून धूर करण्याची तेथे रीत होती, आणि ती गोधडीही त्यातून थोडक्यात वाचली होती, असे सांगतात. आर्नेटने शेकडो गोधड्या विकत घेतल्या, बायकांची नावे, जन्मसाल, नातीगोती नोंदवून ठेवली, पुस्तके काढली आणि २००२ चे प्रदर्शन घडवून आणले. १९७१ मधील उणीव त्याने भरून काढली, हे त्याचे श्रेय नाकारता येणार नाही.

परंतु नाव लागले म्हणजे हक्क मिळाला असे होत नाही. गोधड्यांच्या आकृती गालिच्यांवर आणि इतर वस्तूंवर छापल्या जाऊ लागल्या, तेव्हा त्या आकृतींची मालकी कोणाची, हा प्रश्न उभा राहिला. गोधडी विकली म्हणजे तिची आकृतीही विकली काय? २००७ साली ॲनी मे यंग आणि लोरेटा पेटवे यांच्यासह गावच्या काही जणींनी आर्नेट आणि त्याच्या सहकाऱ्यांवर न्यायालयात दावे लावले. आपल्याला योग्य मोबदला मिळाला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. प्रतिपक्षाने ते नाकारले. २००८ मध्ये आपसांत तडजोड होऊन दावे मिटले. निकाल लागला नाही म्हणून कोण खरे, हे ठरवण्याचा अधिकार इतरांना नाही. मात्र ज्या आकृतीला भिंतीवर कलाकृती म्हणायचे, तीच गालिच्यावर छापताना निनावी लोककला म्हणायची, हा सोयीस्कर दुटप्पीपणा या दाव्यांमुळे उघडा पडला.

२००३ साली गावच्या बायकांनी स्वतःची एक नवी मंडळी काढली होती. तिच्यामार्फत विकली जाणारी गोधडी शिवणारीच्या सहीची असते. विक्रीतला एक हिस्सा शिवणारीला आणि उरलेला सभासदांत, असा तिचा व्यवहार ठरला. आकृती एकीची आणि टाके अनेकींचे, या जुन्या सावडीचा हिशेब त्यात पैशांच्या भाषेत मांडला गेला.

या सर्वांचा परिणाम दूरवर झाला आहे. २००९ साली लॉस एंजेलिसमध्ये काही हौशी मंडळींनी ‘मॉडर्न क्विल्ट गिल्ड’ स्थापन केले आणि आज त्याच्या शाखा गावोगाव आहेत. एकरंगी कापड, मोकळी जागा, मुद्दाम मोडलेली समतोलता ही त्यांची लक्षणे. त्यांपैकी कित्येकजण जीज बेंडचे ऋण मानतात. महिन्यातून एकदा जमायचे, एकमेकींचे काम पाहायचे, एखाद्या रुग्णालयासाठी वा निराधारांसाठी मिळून गोधडी शिवायची, असा त्यांचा कार्यक्रम असतो. यात हसण्यासारखे काही नाही. एकाकी शहरी आयुष्यात सावड पुन्हा शोधण्याचा तो प्रयत्न आहे. एवढे मात्र नोंदवायला हरकत नाही की, ही मंडळी दुकानातून नवेकोरे कापड आणतात, त्याचे तुकडे करतात आणि ते पुन्हा जोडतात. चिंधी आता मुद्दाम तयार करावी लागते.

इकडची वाकळ

महाराष्ट्रात गोधडीला कोणी शोधून काढण्याची गरज नव्हती. ती प्रत्येकाच्या अंगावर होती. गोधडी म्हणा, वाकळ म्हणा, विरलेली लुगडी आणि धोतरे एकावर एक अंथरायची, फाटक्या जागी ठिगळ द्यायचे आणि दाभणाने किंवा जाड सुईने कडेकडेने धावदोरा घालत मध्याकडे यायचे. अमेरिकन गोधडीसारखा मधे कापूस नाही, चौकट नाही. जमिनीवर बसून, शिवलेला भाग मांडीखाली घेत बाई पुढे सरकते. ज्या घरी सवड नसे तेथे गोधडी शिवून देणाऱ्या बायका दारोदार येत. कापड घरचे, दोरा घरचा किंवा तिचा, आणि मजुरी ठरवून. त्या बाईचे नाव घरात कोणाला ठाऊक नसे. ती ‘गोधडीवाली’ असे.

ज्यांचा जीज बेंडशी इतिहासाने धागा जुळतो अशी माणसे गोव्याच्या शेजारीच आहेत. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांपैकी अनेकजण गोव्यातून पळून उत्तर कन्नड जिल्ह्याच्या रानांत गेले. त्यांच्या वंशजांना सिद्दी म्हणतात. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत त्यांच्या वस्त्या आहेत आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या घरांत कोकणी बोलली जाते. त्यांच्या गोधडीला कवंदी म्हणतात. कडेपासून मध्याकडे टाके घालण्याची रीत तीच, पण चारही कोपऱ्यांना कापडाची छोटी त्रिकोणी ‘फुले’ शिवल्याखेरीज कवंदी पुरी झाली असे मानत नाहीत; फुले नसलेली कवंदी म्हणजे उघडीवाघडी. अमेरिकन अभ्यासक हेन्री ड्र्युअल यांच्या साह्याने २००४ च्या सुमारास सिद्दी बायकांची एक सहकारी संस्था उभी राहिली आणि त्यांच्या कवंद्या परदेशी संग्रहालयांपर्यंत पोचल्या. हाही त्याच व्रतकथेचा आरंभ आहे. मधली वर्षे कशी जातात, यावर पुढचे अवलंबून आहे.

आज पुण्यामुंबईच्या प्रदर्शनांत गोधडी पुन्हा दिसू लागली आहे. बचत गटांच्या दालनांत ती असते, महागड्या दुकानांत असते, आणि लांबच्या गिऱ्हाइकाला घरपोच पाठवणारेही आता पुष्कळ आहेत. बाळाच्या दुपट्याएवढ्या गोधडीपासून पलंगभर गोधडीपर्यंत सर्व मिळते. आजीच्या साड्या देऊन त्यांची गोधडी करून घेणारी माणसे वाढत आहेत, आणि त्यामागचा भाव मिसूरी पेटवेच्या भावाहून निराळा नाही. मात्र या व्यवहारात साडी कोणाची होती हे लक्षात राहते, टाके कोणाचे होते हे राहत नाही. दुकानाच्या चिठ्ठीवर दुकानाचे नाव असते, ‘हाताने शिवलेली’ असा शेरा असतो. तो हात कोणाचा, हे १९७१ च्या व्हिटनी प्रदर्शनाप्रमाणेच गुलदस्तात असते. फरक इतकाच की, त्या अमेरिकन बाया मरून गेल्या होत्या. येथील बाई त्याच शहराच्या एखाद्या वस्तीत राहते आणि पुढची गोधडी शिवते आहे.

महाराष्ट्राला सहकार शिकवावा लागत नाही. १९५९ साली गिरगावातील सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून लिज्जतची सभासद बहिणींच्या मालकीची संस्था उभी राहिली. पापड कोणी भिंतीवर टांगत नाही, हे कदाचित त्या संस्थेचे सुदैवच म्हणायचे. कलाकृती ठरण्याची भीती नसल्यामुळे मालकीचा प्रश्न तेथे पहिल्या दिवशीच नीट सोडवला गेला. गोधडीच्या बाबतीत तिचे कौतुक आधी सुरू झाले आहे आणि मालकीचा प्रश्न मागे राहिला आहे. कौतुक करणारे नमुने मागतात, माप मागतात, लगोलग माल मागतात. त्यात वावगे काही नाही, फ्रीडम क्विल्टिंग बीनेही ते सर्व दिले. पण तिच्या अभ्र्यांमागे बायकांच्या स्वतःच्या मालकीचे शिवणकेंद्र होते आणि कातरणही त्यांच्याच घरी जात होते. इकडे गोधडी शिवणाऱ्या बाईला नगावर मजुरी मिळते, कापड मालक पाठवतो, आणि पुष्कळदा उरलेले तुकडेही मोजून परत घेतले जातात.

आठवड्याच्या शेवटी तिचा हिशेब एका वहीत होतो. त्या वहीत तिचे नाव असते. गोधडीच्या कोपऱ्यात ते शिवायला दोन बोटे फीत आणि पाच मिनिटे लागतील.